चौकटची राणी



या वेळी आम्ही लिहिणार आहोत ते एका इंग्रजी रॉक बँडविषयी. "आपल्या वार्तापत्रात हे कशाला?" असा प्रश्न पडला असेल तर थोडा धीर धरा. या बँडच्या गायकाचं बालपण आपल्या पाचगणीत गेलं, आणि इंग्लंडमध्ये आल्यावर त्याच्या आई-वडिलांनी जे घर केलं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरापासून जवळच, फेल्टममध्ये आहे. शिवाय लेखाच्या शेवटी मंडळाच्या कपाटातल्या सव्वीस व्हिडिओ कॅसेटींचा प्रश्न येणार आहे, आणि तो आपल्या सगळ्यांचाच आहे.

झालं असं, की गणपतीच्या वर्गणीचा हिशेब करायला आम्ही चौघे एका शनिवारी हाउन्स्लोला काकांकडे जमलो होतो. (काकांनी "माझं नाव छापायचं नाही" अशी तंबी दिली आहे, म्हणून नुसतं 'काका'. ते १९७३ साली इथे आले. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो!) हिशेब तासाभरात आटोपला. काकूंचे पोहे त्याआधीच संपले होते. बाहेर नेहमीप्रमाणे पाऊस. मग काकांनी कपाटातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक जुनी व्हीएचएस कॅसेट, क्वीन या बँडची 'ग्रेटेस्ट फ्लिक्स'. दुसरी त्याच बँडची २००२ सालची डीव्हीडी, 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स १'.

"तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?" काका म्हणाले. "मग मला सांगा, यातलं खरं कुठलं?"

आम्ही चौघेही इंजिनिअर. उत्तर सोपं वाटलं. काकांचा व्हीसीआर अजून चालतो! आधी कॅसेट लावली. चित्र थरथरतंय, रंग उडालेत, कडेला गाठी पडल्यात. मग डीव्हीडी लावली. चित्र स्वच्छ, रंग भरदार, आवाज चारी बाजूंनी. टीव्हीचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. "काका, यात विचारायचं काय? डीव्हीडीच!" आम्ही एका सुरात म्हणालो.

काकांनी रिमोटने चित्र थांबवलं, पडद्याजवळ जाऊन ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मग याचं अर्धं डोकं कुठे गेलं?"

कॅसेट पुन्हा लावून पाहिली. त्यात डोकं होतं.

तो संपूर्ण शनिवार मग याच प्रश्नात गेला. त्यानंतरही आम्ही बरंच वाचलं, इतर चाहत्यांशी बोललो, आणि लक्षात आलं की काका एकटे नाहीत. या डीव्हीडीवर चाहत्यांमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. तो वाद नेमका काय आहे, आणि तो आम्हाला का पटला, ते आता सांगतो.

आधी थोडी ओळख

ज्यांना क्वीन माहीत नाही त्यांच्यासाठी. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग खुशाल गाळावा.) १९७० साली लंडनमध्ये हा बँड सुरू झाला. गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बल्सारा. पारशी कुटुंब, जन्म १९४६ साली झांझिबारला. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला धाडलं. तिथेच त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, तेव्हा हे कुटुंब सामानसुमान गुंडाळून इंग्लंडला आलं. फेल्टममधल्या ग्लॅडस्टोन ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या घरावर २०१६ साली इंग्लिश हेरिटेजने निळी पाटी लावली. गिटारवर ब्रायन मे, ज्यांनी अर्धवट राहिलेली खगोलभौतिकीची पीएचडी २००७ साली पूर्ण केली. ड्रमवर रॉजर टेलर. आणि बेस गिटारवर जॉन डीकन, हा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, म्हणजे आपल्या जातकुळीतला! कचऱ्याच्या पिंपात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्याने बनवलेला छोटा ॲम्प्लिफायर पुढे बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला.

१९८१ साली आलेला त्यांचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. २०२२ साली त्याने इथे सत्तर लाखांचा आकडा ओलांडला. पण आपला विषय आहे तो त्याच वेळी, त्याच्याच जोडीने निघालेला व्हिडिओ संग्रह, म्हणजे काकांच्या हातातली ती 'ग्रेटेस्ट फ्लिक्स'. त्या काळी एखाद्या बँडने आपल्या सगळ्या गाण्यांच्या चित्रफिती एकत्र करून विकणं ही नवीनच गोष्ट होती. अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेच मुळी १९८१ च्या ऑगस्टमध्ये!

चार तासांचं काम

क्वीनकडे १९८१ सालीच एवढ्या चित्रफिती कुठून आल्या? त्याची गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १९७५ मध्ये. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं नुकतंच आलं होतं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात जाऊन गाण्यावर नुसते ओठ हलवायचे, अशी तेव्हाची पद्धत. पण बँड दौऱ्यावर निघाला होता, आणि या गाण्याच्या मधल्या ऑपेरासारख्या भागात तिघांचे आवाज एकावर एक इतक्या वेळा रेकॉर्ड केलेले आहेत की चार माणसांनी उभं राहून ते गाण्याचा आव आणणं हास्यास्पद दिसलं असतं. म्हणून १० नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी सुमारे चार तासांत चित्रीकरण उरकलं. खर्च पाच हजार पौंडांच्या आत. दहा दिवसांनी ते टीव्हीवर आलं आणि गाणं सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

काकांनी ते तेव्हा पाहिलं होतं. भाड्याच्या खोलीत राहणारी सहा मुलं, सगळ्यांत मिळून एक टीव्ही. "पडदा एवढा," काकांनी दोन्ही हातांनी वीतभर चौकोन करून दाखवला. "अंधारात चार चेहरे. आम्ही भजन ऐकायला बसल्यासारखे गप्प!"

यातल्या करामती बघा. एक चेहरा सुटून त्याच्या रांगाच रांगा दूर जाताना दिसतात, ते कॉम्प्युटरने केलेलं नाही. कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवला की चित्रात चित्र, त्यात पुन्हा चित्र असं दिसायला लागतं. केस कापायच्या दुकानात समोरासमोर दोन आरसे असले की आपल्या डोक्यांची रांग दिसते ना, तसंच! आणि एका चेहऱ्याचे अनेक चेहरे दिसतात, ते लेन्सवर बसवलेल्या लोलकामुळे. म्हणजे सगळं चित्रीकरणाच्या वेळीच, टेपवर झालेलं. हे 'टेपवर' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अंधारातल्या त्या चार चेहऱ्यांची मांडणीही मुद्दाम केलेली आहे. १९७४ च्या 'क्वीन टू' या अल्बमच्या कव्हरवर छायाचित्रकार मिक रॉक यांनी टिपलेला फोटो तसाच होता. वर एक चेहरा, दोन बाजूंना दोन, खाली एक. पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेचा आकार! आता अशा आकाराला वरून आणि खालून कात्री लावली तर काय होईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

कात्री कशी लागली

जुना टीव्ही ४ रुंद आणि ३ उंच, असा जवळजवळ चौकोनी. आत्ताचा १६ रुंद आणि ९ उंच. जुनं चित्र नव्या पडद्यावर दाखवायचे तीनच मार्ग आहेत.

पहिला, चित्र जसंच्या तसं ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या. दुसरा, चित्र आडवं ताणायचं. मग सगळी माणसं सव्वापट-दीडपट जाडी दिसतात, आणि लग्नाच्या व्हिडिओत असं झालं तर नातेवाईक बोलायचे बंद होतात. तिसरा, चित्र रुंदीला भरेपर्यंत मोठं करायचं आणि वर-खाली जे उरेल ते कापून टाकायचं.

तिसऱ्या मार्गाचा हिशेब करून पाहा. उंचीतला बरोबर एक चतुर्थांश भाग जातो. ब्रिटनच्या पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या ओळी ५७६. त्यातल्या १४४ कापल्या की उरल्या ४३२. त्या ४३२ ओळींना ताणून पुन्हा ५७६ च्या जागेत बसवायचं. डोशाचं पीठ तेवढंच, उलट थोडं कमीच, आणि तवा मोठा. डोसा पातळ होणारच!

२००२ च्या डीव्हीडीवर पहिल्या तबकडीतल्या बहुतेक गाण्यांना हा तिसरा मार्ग लावला गेला. आता ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना अगदीच दोष देऊ नये. तेव्हा ब्रिटनमध्ये रुंद टीव्ही नुकते घरोघरी येत होते. हौसेने नवा टीव्ही घेतलेल्या माणसाला बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की त्याला वाटायचं, डीव्हीडीत बिघाड आहे. पैसे दिलेत ना पूर्ण पडद्याचे!

चाहत्यांचे तीन पक्ष

या संग्रहाविषयी चाहत्यांशी बोललं की ढोबळ मानाने तीन पक्ष दिसतात.

पहिला पक्ष 'मूळ तेच खरं' वाल्यांचा. काका त्यांचे पुढारी. यांचं म्हणणं असं, की दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून पाहिलं ते चार-तीनच्या चौकटीत. कोण मध्ये, कोण कडेला, डोक्यावर किती जागा, पायाखाली किती, हे सगळं त्याने त्या चौकटीसाठी ठरवलं. चौकट बदलली म्हणजे चित्र बदललं. रंग स्वच्छ करा, ओरखडे काढा, पण माणसं कापू नका.

दुसरा पक्ष 'आवाज बघा हो आवाज!' वाल्यांचा. आमच्यातले दोघे त्या दिवशी याच पक्षात होते. या डीव्हीडीवर गाणी पाच स्पीकर आणि एक वूफर अशा रचनेसाठी नव्याने मिसळली आहेत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या त्या मधल्या भागातले आवाज खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येतात, तेव्हा अंगावर काटा येतो. शिवाय प्रत्येक गाण्याबरोबर मे आणि टेलर यांची गप्पांची वेगळी साउंडट्रॅक आहे. स्वतःच्या जुन्या कपड्यांची आणि केसांची ते इतकी मजेत टिंगल करतात की ती ऐकायलाच पुन्हा पाहावं. जॉन डीकन १९९७ नंतर सार्वजनिक जीवनातून दूर झाला, त्यामुळे त्याचा आवाज यात नाही. तरी चौघांपैकी दोघांनी सांगितलेला हा इतिहास मोलाचा आहे. अगदी पहिल्या पक्षाचे लोकही हे मान्य करतात. मूळ स्टिरिओ आवाजही तबकडीवर ठेवलेला आहे, ज्याला जो हवा तो त्याने निवडावा. बघा, आवाजाच्या बाबतीत मूळही दिलं आणि नवंही दिलं, म्हणून तिथे भांडण कमी. चित्राच्या बाबतीत एकच दिलं, म्हणून भांडण!

तिसरा पक्ष 'बाकीचं कुठे आहे?' वाल्यांचा. २००३ साली 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स २' आला. त्यात १९८२ ते १९८९ ची गाणी आहेत. 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' (१९८४) त्यातलंच. त्यात चौघेही बायकांच्या वेशात, 'कोरोनेशन स्ट्रीट' या इथल्या जुन्या टीव्ही मालिकेची नक्कल करतात. ब्रिटनमध्ये लोक खदाखदा हसले. अमेरिकेत मालिका कुणाला माहीत नव्हती, आणि एमटीव्हीने ते गाणं दाखवायचं टाळलं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रातून आलेल्या आम्हाला यात धक्का बसण्यासारखं काय, ते कळेना, पण फ्रेडीसह क्वीनने १९८२ नंतर अमेरिकेचा दौरा केला नाही, आणि त्याला हे गाणं कितपत कारणीभूत, यावर चाहते अजून भांडतात. एखाद्या वाहिनीने जे दाखवलं नाही ते वीस वर्षांनी का होईना, आपल्या पैशाने विकत घेऊन पाहता येतं, हा अशा संग्रहाचा मोठा उपयोग.

पण तिसरा भाग निघालाच नाही. म्हणजे १९९१ ची गाणी या मालिकेत नाहीत. फ्रेडी तेव्हा एड्सने आजारी होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'चं चित्रीकरण झालं. ती त्याची कॅमेऱ्यासमोरची शेवटची कामगिरी. तब्येत किती खालावली आहे ते जाणवू नये म्हणून ते कृष्णधवल ठेवलं गेलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. ही गाणी व्हीएचएसच्या जुन्या संग्रहांवर होती, आज बँडच्या यूट्यूब चॅनेलवर आहेत, पण 'आमच्या कपाटात, आमच्या हातात' हवी असणाऱ्या चाहत्याची हळहळ संपत नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असलेली फाइल ही आपली नसते, हे आम्ही आयटीवाल्यांनी तरी मान्य करायला हवं!

चाहते एवढे हळवे का?

"चार ओळी गेल्या तर एवढं काय?" असं आम्ही काकांना विचारलं. तेव्हा त्यांनी 'वी आर द चॅम्पियन्स' लावलं. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका नाट्यगृहात हे चित्रित झालं, तेव्हा समोरची गर्दी भाड्याने आणलेली नव्हती. क्वीनच्या फॅन क्लबच्या सभासदांना पत्रं पाठवून बोलावलं होतं. काम संपल्यावर बँडने आभार म्हणून त्यांच्यासाठी गाणीही वाजवली. 'रेडिओ गा गा'मध्ये (१९८४) डोक्यावर हात नेऊन दोनदा टाळ्या वाजवणारा तो जनसमुदायही फॅन क्लबचाच. १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एडच्या वेळी वेम्बली स्टेडियमभर लोकांनी त्याच टाळ्या वाजवल्या, कुणीही न शिकवता! २०१९ साली तर जगभरच्या चाहत्यांनी पाठवलेल्या गाण्या-नाचण्याच्या चित्रफितींमधून जुन्या गाण्यांचे नवे व्हिडिओ बनवले गेले.

म्हणजे बघा, चौकटीच्या खालच्या कडेला जी डोकी आणि हात दिसतात, ते चाहते स्वतः आहेत. कात्री लागते ती आधी तिथेच. मुख्य गायक नेहमी मध्ये असतो, त्याला काही होत नाही. कापले जातात ते कडेचे लोक.

काकू तोपर्यंत चहा घेऊन आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "फोटोतली माणसं कापू नयेत हो."

कापलेलं काळं ठेवलं

'रेडिओ गा गा'वरून आणखी एक गोष्ट. या गाण्यात फ्रिट्झ लँग यांच्या 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या जर्मन मूकपटातली दृश्यं वापरली आहेत. तो चित्रपट प्रदर्शनानंतर लगेच कापला गेला आणि कापलेला भाग कायमचा गेला असं सगळे मानत होते. २००८ साली ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. पण ती १६ मिलिमीटरवर उतरवलेली नक्कल होती, आणि उतरवताना चौकटीची एक कड कापली गेली होती. २०१० साली पूर्ववत केलेला चित्रपट दाखवला, तेव्हा तज्ज्ञांनी काय केलं? त्या भागांत चित्र ताणून पडदा भरला नाही. जेवढं चित्र होतं तेवढं त्याच्या मूळ जागी ठेवलं आणि गेलेल्या भागाची जागा काळी सोडली. इथे काहीतरी होतं आणि ते आता नाही, एवढं प्रेक्षकाला प्रामाणिकपणे कळलं.

काळी पट्टी म्हणजे बिघाड नव्हे. ती पावती आहे.

चाहत्यांच्या मागणीला तांत्रिक बाजूही आहे. फिल्मवर काढलेलं चित्र पुन्हा स्कॅन करून जास्त बारकावे काढता येतात. बीटल्सच्या २०१५ च्या '१+' संग्रहात जुन्या प्रचारफिल्म तशाच स्वच्छ केल्या आहेत. पण टेपवर जे उमटलं तेच आणि तेवढंच. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' २०१९ च्या जुलैमध्ये यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहून झालं, तेव्हा त्याची सुधारलेली एचडी प्रत आली. ती सुंदर आहे, पण १९७५ च्या टेपमध्ये नसलेला बारकावा तीत कुठून येणार? म्हणून टेपच्या बाबतीत मूळ सांभाळणं फिल्मपेक्षाही महत्त्वाचं. तिथे दुसरी संधी नसते.

आणि सांभाळल्याचं फळ काय मिळतं? 'द शो मस्ट गो ऑन' पाहा. १९९१ च्या शरदात ते गाणं आलं तेव्हा फ्रेडी कॅमेऱ्यासमोर उभा राहू शकत नव्हता. मग १९८० नंतरच्या चित्रफितींचे आणि मैफलींचे तुकडे जोडून त्याचा व्हिडिओ केला. टेप कुणीतरी जपून ठेवल्या होत्या, म्हणून ते गाणं डोळ्यांनी पाहता आलं.

आता आपलं कपाट

काकांनी डोक्याचा प्रश्न विचारला तेव्हा आमच्यातले दोघे एकदम गप्प झाले होते. त्याचं कारण आता सांगतो.

२०१८ साली मंडळाच्या जुन्या बत्तीस व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करायचं काम आम्ही सेवा म्हणून घेतलं. पहिल्या सहा केल्या. गणपतीत प्रोजेक्टरवर दाखवायच्या होत्या, पडदा मोठा, बाजूला काळ्या पट्ट्या वाईट दिसतील, म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमध्ये 'पडदा भरा' या चौकोनात टिचकी मारली. बस, एक टिचकी! फाइल तयार झाल्यावर, जागा अडते म्हणून त्या सहा कॅसेटी टाकून दिल्या. कार्यक्रमात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही खूश.

१९८९ च्या गणेशोत्सवाच्या त्या चित्रणात वर कापडी फलक होता. त्यावर त्या वर्षीच्या कार्यकर्त्यांची नावं होती. तो गेला. खाली सतरंजीवर पहिल्या रांगेत लहान मुलं बसली होती. ती गेली. आणि स्टेजच्या खाली मांडी घालून पेटी वाजवत होते ते आपले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांनी तीस वर्षं आरतीला साथ केली आणि जे आता हयात नाहीत. आमच्या फाइलमध्ये पेटी ऐकू येते. पेटीवाले दिसत नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर त्यांची मुलगी आमच्याजवळ आली होती. तिने हळूच विचारलं, "बाबा यात होते ना?" आम्ही म्हणालो, "नसावेत त्या वर्षी." आम्हाला खरंच तसं वाटलं. काकांच्या घरी ड्रमवाल्याचं कापलेलं डोकं पाहिलं, तेव्हा कळलं की ते होते. आम्हीच त्यांना चौकटीबाहेर काढलं होतं.

चूक आमची आहे, आणि ती आम्ही त्यांच्या मुलीला भेटून सांगितली आहे. ती म्हणाली, "आवाज तरी आहे." त्यानंतर आम्ही बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

उरलेल्या सव्वीस कॅसेटींसाठी आम्ही समितीपुढे पुढील गोष्टी ठेवल्या आहेत. क्वीनच्या चाहत्यांनी वीस वर्षं भांडून जे मागितलं, तेच हे आहे :

१. प्रत्येक कॅसेटची पहिली प्रत जशीच्या तशी, चार-तीनच्या चौकटीत. काही कापायचं नाही, काही ताणायचं नाही.

२. रंग, आवाज, स्वच्छता यांत जी सुधारणा करायची ती दुसऱ्या प्रतीवर. पहिलीला हात लावायचा नाही. (आपण कोड लिहिताना मूळ फाइलवर थेट काम करतो का? नाही ना?)

३. दोन प्रती दोन वेगळ्या घरी, आणि एक ऑनलाइन.

४. काका-काकू-आजींना बसवून प्रत्येक चित्रणावर त्यांच्या गप्पा रेकॉर्ड करायच्या : हे कोण, ती साडी कुणाची, मोदक कुणी केले होते. मे आणि टेलर यांनी केलं तसंच. हे लवकर करायला हवं.

५. कॅसेटी टाकायच्या नाहीत.

आणि मंडळी, एक विनंती. १९८९ च्या गणेशोत्सवाच्या कॅसेटच्या काही प्रती तेव्हा सभासदांनी घरी नेल्या होत्या, असं काका सांगतात. कृपया आपापल्या लॉफ्टमध्ये, गॅरेजमध्ये, भारतात पाठवायच्या राहिलेल्या खोक्यांत एकदा पाहा. लेबल नसेल, बुरशी आली असेल, टेप गुंडाळली असेल, तरी फेकू नका, आम्हाला कळवा. आम्ही येऊन घेऊन जाऊ. व्हीसीआर काकांकडे आहे, आणि पोहे काकूंकडे!

काकांच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं आहे. खरं कुठलं? पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो आणि त्यांना सांगितलं, "काका, ऐकायला डीव्हीडी. पाहायला कॅसेट." त्यांनी मान हलवली आणि कॅसेट पुन्हा तिच्या खोक्यात घालून कपाटात ठेवली, डीव्हीडीच्या शेजारी.